शिकलेल्या हातांची मजुरी

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण, शब्दांकन करून)



विहार समितीनं आम्हाला बोलायला सांगितलं, तेव्हा विषय तुम्हीच निवडा म्हणाले. आम्ही काय पंडित नव्हं. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आयुष्य गेलं. जे वाचलं ते रात्रपाळीच्या डब्याच्या सुट्टीत आणि विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून. तरीपण एक विषय आमच्या डोक्यात बरीच वर्षं भुणभुण करतोय, तोच तुमच्यापुढे ठेवतो. आपली पोरं शिकली. डी.एड. झाली, बी.एड. झाली, इंजिनिअर झाली, एम.ए., नेट-सेट, पीएच.डी. झाली. मग त्यांच्या हातात पडणारा पगार त्यांच्या बापाच्या पगाराएवढासुद्धा का नाही? हा प्रश्न आज आपल्या वस्तीतल्या घराघरांत आहे, पण चारचौघांत कुणी बोलत नाही. पोराला लाज वाटते आणि बापाला वाईट वाटतं. म्हणून आज इथं मोकळेपणानं बोलू.

मंदी आली की पगार कापतात, हे जुनंच आहे. १९२९ नंतर साऱ्या जगात महामंदी आली. इंग्रज सरकारनं १९३१ साली सरकारी नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात केली. लोकांनी बोंब मारली, पण ती कपात उघड होती. फर्मान निघालं, टक्के छापले, आणि परिस्थिती सुधारल्यावर पुढच्या काही वर्षांत ती टप्प्याटप्प्यानं मागेही घेतली. आजची कपात तशी नाही, बंधूंनो. आज खुर्चीवर बसलेल्याचा पगार कुणी कापत नाही. तो कापला तर दुसऱ्या दिवशी संप होईल. कपात होते ती अजून दारात उभा असलेल्या माणसाची. जो काल लागला त्याला वेतनश्रेणी, महागाई भत्ता, पेन्शन. आणि जो आज लागेल त्याला ठोक रक्कम. काम तेच, फळा तोच, पोरंही तीच. फक्त पदाचं नाव बदलायचं. नाव बदललं की पगार बदलतो, ही या काळाची युक्ती आहे.

ह्याचा आपल्या महाराष्ट्रातला इतिहास बघा. १९९१ साली नवं आर्थिक धोरण आलं. पुढे पाचवा वेतन आयोग लागू झाला, सरकारच्या तिजोरीवर ताण आला. त्यातून वाट काय काढली? २००० साली शिक्षणसेवक योजना आणली. शिक्षक म्हणून लागलेल्या माणसाला पहिली तीन वर्षं शिक्षक म्हणायचं नाही, सेवक म्हणायचं. त्याला पगार नाही, मानधन. मान किती मिळाला ते गावोगावच्या सेवकांना विचारा, आणि धन तर त्याहून कमी. पुढे वाढ झाली आणि प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयात ९,००० रुपये ठरले. तेच आकडे सुमारे दहा वर्षं जागचे हलले नाहीत. त्या दहा वर्षांत गॅसच्या टाकीचा भाव दुपटीच्या वर गेला. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचं नुसतं मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होतं. त्याच शाळेत, त्याच व्हरांड्यात, शेजारच्या वर्गावरचा सेवक ६,००० वर. २०२३ साली कुठं हे मानधन १६,०००, १८,००० आणि २०,००० झालं. वाढ झाली हे चांगलंच झालं, संघटनांनी आंदोलनं केली, त्याचं ते फळ. पण मधल्या वर्षांत ज्यांची उमेदीची तीन-तीन वर्षं सहा हजारांत गेली, त्यांची भरपाई कोण करणार?

आणि हा सेवक तरी नशीबवान म्हणायचा, कारण तीन वर्षांनी तो श्रेणीत जातो. त्याच्या खालची पायरी बघा. २००१ पासून शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून परवानगी द्यायला सुरुवात झाली. म्हणजे शाळा काढा, पण सरकार पगाराला पैसा देणार नाही, आज नाही आणि उद्याही नाही. २००९ साली त्यातला ‘कायम’ हा शब्द काढला, तरी अनुदान टप्प्याटप्प्यानं, वीस टक्के, चाळीस टक्के असं मोर्चे काढून काढून घ्यावं लागलं. अशा शाळांत पंधरा-पंधरा वर्षं दोन-चार हजारांवर शिकवणारी माणसं आपण आपल्या जिल्ह्यात पाहिलीत. २०२० साली कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा तेही थांबलं. शिकवणारा माणूस भाजी विकताना, शेतमजुरीला जाताना दिसला. भाजी विकण्यात कमीपणा नाही. श्रम कुठलाच हलका नसतो. पण ज्यानं बी.एड. केलं त्याला शिकवायला वर्ग आहे आणि पगार नाही, ही गोष्ट हलकी आहे.

कॉलेजात काय आहे? तिथं तासिका तत्त्व. जितके तास घ्याल तितके पैसे. २०१८ साली पदवी वर्गाच्या एका तासिकेला ५०० रुपये ठरले, २०२३ साली ९०० झाले. ऐकायला बरं वाटतं, तासाला नऊशे! पण हिशेब आपण गिरणीवाले नीट करतो. आठवड्याला नऊ तासिका धरा. महिन्याला झाल्या छत्तीस. जुन्या दरानं अठरा हजार, नव्या दरानं बत्तीस हजार चारशे. त्यातून दिवाळीची सुट्टी वजा, परीक्षेचे दिवस वजा, उन्हाळा वजा. तास झाला नाही की पैसा नाही. आणि झालेल्या तासाचा पैसाही महिन्याच्या महिन्याला येईल याची खात्री नाही, काही ठिकाणी वर्ष संपताना एकदम येतो. त्याच कॉलेजातल्या कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, वर भत्ते वेगळे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ सालीच सांगितलं होतं की अतिथी अध्यापकाला तासाला १,५०० रुपये द्या, महिन्याला कमाल ५०,००० पर्यंत. दिल्लीचा कागद मुंबईला पोचेपर्यंत त्यावरचे आकडे झिजून जातात, असंच म्हणायचं.

आम्हा गिरणीवाल्यांना ही पद्धत नवी नाही. गिरणीत बदली कामगार असायचा. सकाळी गेटवर येऊन उभा राहायचा. कायम कामगार गैरहजर असला की त्याला आत घ्यायचे, नाहीतर हात हलवत घरी. बदलीवर दहा-दहा वर्षं काढलेली माणसं होती. आज नेट-सेट झालेला, पीएच.डी. झालेला आपला पोरगा जून महिन्यात फाईल घेऊन कॉलेज-कॉलेज फिरतो, तो बदली कामगारच आहे. गेट बदललं, कपडे बदलले, उभं राहणं तेच. १९८२ च्या जानेवारीत मुंबईत अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप मोडला, गिरण्या बंद पडत गेल्या, काम यंत्रमागांवर आणि कंत्राटावर गेलं. आपल्या कोल्हापूरची शाहू मिल, जिची पायाभरणी शाहू महाराजांनी १९०६ साली केली, तीसुद्धा २००३ साली बंद झाली. तेव्हा शिकलेली माणसं म्हणायची, तो अडाणी कामगारांचा प्रश्न, आमचा काय संबंध? बंधूंनो, जे आधी गिरणीच्या गेटवर आलं, तेच वीस वर्षांनी शाळा-कॉलेजच्या गेटवर आलं. कायम कामगार मोडायची जी तालीम आमच्यावर झाली, तीच मास्तरांवर वापरली.

इंजिनिअरांचं वेगळं नाही. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली, पुढे त्यांचं पीक आलं. आपल्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या पट्ट्यात फाउंड्र्या आणि मशीनशॉप आहेत. मोटारगाड्यांचा धंदा बसला की त्यांचा बसतो. २००८-०९ ला बसला, २०१९ ला बसला, पाठोपाठ कोरोना. पाळ्या कमी झाल्या, ओव्हरटाइम गेला. अशा वेळी नव्या पोराला ट्रेनी म्हणून घेतात, वर्षभरानं सोडतात, दुसरा ट्रेनी घेतात. आमच्या घरातलंच सांगतो. आमचा पुतण्या मेकॅनिकल इंजिनिअर, फर्स्ट क्लास. एका कारखान्यात लागला, कारखान्याचं नाव घेत नाही. बारा तास काम, आणि हातात पडणारा पगार आमच्या निम्म्यापेक्षा थोडा जास्त. आमचं शिक्षण दहावी नापास. त्याची आई आमच्याकडं येऊन म्हणाली, “भावजी, फीचं कर्ज फेडायचं का घर चालवायचं?” आमच्याकडं उत्तर नव्हतं. पण त्या पोरानं एक गोष्ट सांगितली ती लक्षात राहिली. तो म्हणाला, “काका, पगार कमी आहे हे सोसतो, पण मागच्या वर्षीचा ट्रेनी माझ्याएवढंच शिकून गेला आणि पुढच्या वर्षीचा पण जाणार, म्हणजे आम्ही कधीच कुशल होणार नाही.” कमी पगाराचं खरं नुकसान हे आहे. माणूस जिथं टिकत नाही तिथं विद्याही टिकत नाही.

आता काहीजण म्हणतील, अहो, बाजाराचा नियम आहे. गुळाची आवक वाढली की शाहू मार्केट यार्डात भाव पडतो. तशी डिगऱ्यांची आवक वाढली, भाव पडला. हे म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. गुळाचा भाव पडतो तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं. इथं गिऱ्हाईक कमी आहे का? वर्गात पोरं आहेत, जागा रिकाम्या आहेत. २०१० च्या सीईटीनंतर शिक्षकांची पुढची मोठी भरती पवित्र पोर्टलवरून व्हायला २०१९ उजाडलं. ४ मे २०२० ला कोरोनामुळं आरोग्य खातं वगळून नवी भरतीच बंद केली. म्हणजे काम होतं, माणूस होता, पद मंजूर होतं, आणि ते पद भरायचं नाही असं ठरवलं गेलं. ह्याला आवक वाढली म्हणत नाहीत, ह्याला गोदामाला कुलूप लावून भाव पाडणं म्हणतात. आणि दुसरं, माणूस म्हणजे गूळ नव्हे. जगभरच्या कामगार संघटना, मालक आणि सरकारं यांनी मिळून १९४४ साली फिलाडेल्फियात जाहीर केलं की श्रम ही बाजारात विकायची वस्तू नाही. त्याच काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, आणि किमान वेतनाचं विधेयक १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनीच मांडलं. पगाराला एक तळ असला पाहिजे, त्याच्या खाली बाजारालासुद्धा जाता येणार नाही, हा त्याचा अर्थ.

दुसरे म्हणतील, सरकारकडं पैसाच नाही. नसेल. मग ओझं सगळ्यांनी थोडं थोडं उचलू. जो शेवटी आला त्याच्याच डोक्यावर सगळी पाटी का?

आणि शेवटी आलेला कोण आहे, हे विचारा. इथं खरी मेख आहे. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी याच करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांना पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. १९०८ ला अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत महाराज आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर आले. तिथून आपण पायरी पायरीनं चढत आलो. कापड गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नव्हते, कारण धोट्याचा धागा तोंडानं ओढावा लागायचा. जास्त पगाराचं ते खातं आपल्याला बंद होतं, आणि १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी तो प्रश्न धसाला लावला. एवढं करून आपल्यातली बरीच घरं एका पिढीपूर्वी पहिल्यांदा पदवीपर्यंत पोचली. आणि आपली पोरं दारात पोचली, तेव्हाच दाराची उंची कमी केली. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्याला जुनी पेन्शन नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तर सरकारी कामंच खाजगी कंपन्यांच्या मनुष्यबळातून करून घ्यायचा आदेश निघाला होता. आरक्षणाचं काय, असा सवाल उठला, तरुण रस्त्यावर आले, आणि ऑक्टोबरमध्ये तो आदेश मागे घ्यावा लागला. लक्षात ठेवा, ओरडल्यावर मागे घेतला.

शिवाय ज्याच्या घरी दहा एकर ऊस आहे, तो आठ हजारांवर पाच वर्षं कळ काढू शकतो. आपल्या घरी ऊस नाही, बिल्डिंग नाही. आपली इस्टेट म्हणजे भिंतीवर लावलेली ती डिगरी. तिचं मोल पडलं की आपलं सगळंच पडतं.

बाबासाहेबांचंच उदाहरण घ्या. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. नेमणूक तात्पुरतीच होती, पण पगार महिना ४५० रुपये, त्या काळी ही रक्कम मोठी. त्या पगारातून काटकसर करून शिल्लक टाकली, त्यात शाहू महाराजांची आणि मित्राची मदत मिळाली, म्हणून १९२० साली ते अपुरं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला जाऊ शकले. एका प्राध्यापकाच्या पगारातली शिल्लक एवढं काम करते! आज तासिकेवरच्या आपल्या पोरानं काय शिल्लक टाकावी, आणि कुठं जावं?

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला जो उपदेश केला, त्यात मालकाची कर्तव्यं सांगितलीत. झेपेल तेवढंच काम द्यावं, जेवण आणि वेतन द्यावं, आजारात सांभाळावं, वेळेवर विश्रांती द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आहे. आजच्या तासिकेच्या नेमणूकपत्राशी ताडून बघा, कितीक बसतं ते. सम्यक आजीविका आपण पोराला शिकवतो, पण आजीविका देणाऱ्यालाही धम्म लागू आहे.

कायदा आपल्या बाजूला आहे का? थोडा आहे, थोडा नाही. खरं ते सांगतो. घटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात समान कामाला समान वेतन हे तत्त्व आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नियम सोडून भरलेल्या हंगामी माणसाला कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. हा धक्का होता. पण २०१६ साली पंजाबच्या खटल्यात त्याच न्यायालयानं सांगितलं की कायम करा न करा, काम सारखं असेल तर हंगामी माणसाला त्या पदाचं किमान वेतन द्या. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या बाबतीत पुन्हा तेच झालं. महिना ३०,००० वर त्यांना राबवत होते, न्यायालयानं नियमित पदाची किमान श्रेणी द्यायला लावली. खाजगी शाळेतल्या शिक्षकालाही ग्रॅच्युइटी मिळते, ही २००९ ची दुरुस्ती २०२२ साली न्यायालयानं उचलून धरली. म्हणजे दार बंद नाही. पण हे सगळे निकाल कुणीतरी कागद जपून ठेवले, वर्गणी काढली, वकील दिला, म्हणून लागले.

आम्हाला सर्वांत जास्त भीती पगाराची नाही वाटत. भीती वाटते ती वेगळीच. आपल्या वस्तीत आता बोललं जातंय, “शिकून तरी काय झालं? त्यापेक्षा डिलिव्हरीला लाव.” मुलीच्या बाबतीत तर लवकर बोललं जातं. आयांनो, ह्या वाक्याला घरात थारा देऊ नका. पगार पाडणाऱ्यानं आपल्या खिशातले पैसे नेले, ते उद्या परत आणता येतील. पण त्याच्यामुळं आपणच पोरगीची शाळा बंद केली, तर ते नुकसान तीन पिढ्या भरून येणार नाही. चूक शिक्षणाची नाही, शिकलेल्याला राबवून घेणाऱ्याची आहे.

मग करायचं काय? नुसतं भाषण नको म्हणून चार-पाच कामं सांगतो.

एक. विहारात एक वही ठेवू. वस्तीतला कोण काय शिकलाय, कुठं लागलाय, नेमणूकपत्र आहे का, पगार किती सांगितला आणि किती हातात पडला. नाव गुप्त ठेवू. पण आकडा कळल्याशिवाय लढा होत नाही.

दोन. नेमणूकपत्र, हजेरी, पगाराची पावती, बँकेचं पासबुक, सगळं जपून ठेवा. पगार खात्यात जमा करून निम्मा रोख परत मागणारे आहेत. तशी मागणी झाली तर तारीख-वार लिहून ठेवा. वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथं प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा लागतो, तो विचारा.

तीन. नोकरीसाठी शेत, दागिने विकून संस्थाचालकाला पैसे देऊ नका. ज्या पदाचा पगारच नाही, ते पद विकत घेऊन काय मिळणार?

चार. कायम नोकरीतल्या बांधवांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो. तुमच्या संघटनेच्या मागणीपत्रात तासिकेवाल्यांची मागणी तळाशी असते, ती वर आणा. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी तुम्ही आठवडाभर संप केलात, आम्ही पाठिंबा दिला. आता तुमच्या शेजारच्या वर्गावरच्या सेवकासाठी एक दिवस तरी द्या. आज तो स्वस्तात मिळतोय म्हणूनच उद्या तुम्ही महाग वाटणार आहात.

पाच. महिन्याच्या एका रविवारी वंदनेनंतर तासभर आपल्यातल्या वकील मंडळींनी इथं बसावं. फी नाही. कागद वाचून द्यायचा, अर्ज लिहून द्यायचा, एवढंच.

बाबासाहेबांच्या तीन शब्दांतला पहिला शब्द, शिका, आपण पोटाला चिमटा काढून पाळला. त्या शब्दानं आपल्याला दारापर्यंत आणलं. दाराच्या आत जायला दुसरा शब्द लागतो, संघटित व्हा. डिगरीवाला एकटा असला की तो ट्रेनी असतो, सेवक असतो, बदली असतो. गिरणीत आम्हाला हे फार लवकर कळलं, कारण आमच्याकडं डिगरी नव्हती, एकमेकांशिवाय काहीच नव्हतं. शिकलेल्या पोरांनो, तुमच्याकडं दोन्ही आहे. वही पुढच्या रविवारपासून विहारात असेल. पहिलं नाव आमच्या पुतण्याचं आम्ही लिहिलेलं आहे, दुसरं तुमचं लिहा.